हीटर कोणी बसवायचा

जनार्दनरावांना हॅलिफॅक्सला लेकीकडे येऊन महिना होत आला, तरी त्यांनी घरातल्या एकाही वायरीला हात लावला नव्हता. ही गोष्ट साधी नव्हे. हिंगणघाटला हा माणूस शेजाऱ्याचा पंखा कुरकुरला तरी भरल्या ताटावरून उठून जायचा. सगळा जन्म वीज मंडळात लाइनमन म्हणून गेला, आणि रिटायर झाल्यावरही गल्लीत अंधार झाला की लोक मंडळाला फोन करायच्या आधी यांचं दार वाजवायचे. आणि इथे स्वयंपाकघरातला दिवा आठवडाभर फडफडत होता, तर स्वारी खिडकीशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसली होती. त्यांच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी, दोनदा सुचवून पाहिलं. "तिचं घर आहे, ती बघेल," एवढंच उत्तर आलं.

रुसव्याचं कारण लेकच होती. कृतिका नागपूरला इलेक्ट्रिकलची बीई झाली तेव्हा यांनी अख्ख्या कॉलनीला पेढे वाटले होते. पुढे ती पुष्करशी लग्न करून कॅनडात गेली. फोनवर म्हणायची, "बाबा, इलेक्ट्रिकलमध्येच काम करते." यांनी आपल्या मनाने त्याला टेबल जोडलं, खुर्ची जोडली, वर एसीही जोडला, आणि गावभर सांगून टाकलं की लेक तिकडे साहेब आहे. पोरीने काही खोटं सांगितलं नव्हतं. ते आल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी ती जड बूट घालून, पिवळं जाकीट चढवून, कमरेला पकडी-पेचकसांचा पट्टा बांधून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, साइटवर जाते. दुपारी लवकर येईन." जनार्दनरावांच्या हातातला चहा गार झाला. नागपूरची डिग्री इथे पुरेना, म्हणून ती पुन्हा कॉलेजात गेली होती, हाताने वायरिंग शिकली होती, आणि गेल्या उन्हाळ्यात तिला रीतसर लायसन मिळालं होतं. सरळ बोलायचं तर लेक वायरमन होती.

"मला आवडतं हे काम," ती म्हणाली. बाप खिडकीकडे वळला.

आता यात सुतकी तोंड करण्यासारखं काय होतं, देव जाणे. पोरगी धडधाकट, कमावती, कामावरून येते तेव्हा गाणं गुणगुणत येते. पण माणसाने एकदा मनात गाठ मारली की ती ब्रह्मदेवालाही सुटत नाही. मी खांबावर चढलो तो कशासाठी, पोरीनं चढू नये म्हणून ना, हे एकच पालुपद त्यांच्या डोक्यात फिरत होतं. लोक काय म्हणतील, शिकवून काय मिळवलं, असं ते स्वतःला सांगत. प्रमिलाबाईंनाही रुसव्याचं कारण हेच वाटे. फक्त एक गोष्ट या हिशेबात बसत नव्हती. लेकीची गाडी दुपारी गल्लीत वळेपर्यंत हा गृहस्थ खिडकीवरून हलत नसे, आणि वळली की लगेच उठून आत जाई.

म्हाताऱ्यांची खोली बेसमेंटमध्ये होती. खोली छान होती, पण नोव्हेंबर लागला तशी थंडी भिंतींतून आत यायला लागली आणि प्रमिलाबाईंचे गुडघे बोलायला लागले. तिथे भिंतीच्या तळाशी एक लांबट पत्र्याचा हीटर होता. इथे घरोघरी असतो तसाच, बेसबोर्ड हीटर म्हणतात त्याला. तो मेला होता, आधीच्या घरमालकाच्या काळातच केव्हातरी. कृतिकाने नवा आणून खोक्यासकट भिंतीला टेकवून ठेवला.

"शनिवारी बसवते," ती जेवताना म्हणाली. "परमिट काढलंय. झाल्यावर इन्स्पेक्टर बघून जाईल."

"मी आहे पकडायला," पुष्कर म्हणाला. हा जावई भला माणूस, कॉम्प्युटरवर काय वाटेल ते करेल, पण खिळा ठोकायला दिला तर अंगठा ठोकून घेईल.

जनार्दनरावांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणजे शनिवारी आपल्या डोळ्यांदेखत आपली लेक गुडघ्यांवर बसून वायरी सोलणार. साइटवरचं दिसत नाही, ते एकवेळ चालेल. पण हे नाही. आपण घरात जिवंत असताना तर नाहीच. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की शनिवार उजाडायच्या आत हीटर बसलेला असेल आणि तो आपण बसवलेला असेल.

गुरुवारी दुपारची जेवणं झाल्यावर पुष्कर वरच्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून मीटिंगला बसला. जनार्दनराव खाली आले. बॅगेच्या तळातून त्यांनी आपला टेस्टर काढला, तोच तो पेचकससारखा, आत बारीक दिवा असलेला. चष्मा विसरतील, पण टेस्टर विसरायचे नाहीत. आपल्याला कोणी काही शिकवू नये अशा थाटात त्यांनी बाही वर केली, जुन्या हीटरच्या टोकाचं झाकण उघडलं आणि चिमट्याने वायरी अलगद बाहेर घेतल्या. एक काळी, एक पांढरी आणि एक उघडी तांब्याची.

तांब्याची अर्थिंग, त्यात वाद नव्हता. काळी म्हणजे न्यूट्रल, हे तर हाताला पाठ होतं. आपल्याकडे फेजला लाल घालतात, इथल्या लोकांनी पांढरी घातली असेल. त्यांनी पांढरीला टेस्टर लावला. पेटला. बरोबर. मग आपलं खात्री असावी म्हणून काळीला लावला, तर तिच्यावरही पेटला.

जनार्दनराव महिन्याभरात पहिल्यांदा हसले. दोन्हीकडे टेस्टर पेटतो याचा अर्थ कोणत्याही लाइनमनला झोपेत विचारा. न्यूट्रल उडालाय. करंट यायला वाट आहे, परत जायला नाही, म्हणून तो दोन्ही तारांत तुंबून बसलाय. हिंगणघाटात पावसाळ्यात दर दोन घरांआड हेच दुखणं. आणि औषधही ठरलेलं, जवळच्या चांगल्या पॉइंटवरून न्यूट्रल ओढायचा. हीटरच्या बरोबर वरच भिंतीत प्लग होता. तिथली काळी वायर आणून इथे जोडली की काम फत्ते.

"झालं का काही?" प्रमिलाबाई जिन्यातून डोकावल्या.

"न्यूट्रल गेलाय. एवढ्याशा कामाला परमिट म्हणे. अन् इन्स्पेक्टर."

"मग आज गरम होईल ना खोली?"

"मेन बंद करावा लागेल. जावयाची मीटिंग संपू दे."

तेवढं शहाणपण त्यांच्यात होतं. चालू लाइनवर त्यांनी कधी जोड मारला नव्हता आणि मारणारही नव्हते. म्हणून ते वायरी तशाच ठेवून पलंगावर बसले आणि मीटिंग संपायची वाट बघत शीळ घालू लागले. मीटिंग काही संपेना. तेवढ्यात वर दार वाजलं, जड बूट जिना उतरू लागले आणि कृतिका खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

तिने उघडं झाकण पाहिलं, वायरी पाहिल्या, बापाच्या हातातला टेस्टर पाहिला. ओरडली नाही. पायरीवर बसून बूट काढता काढता तिने विचारलं, "काय निघालं, बाबा?"

जनार्दनराव चोरी पकडल्यासारखे झाले खरे, पण बोलताना त्यांचा सूर चढत गेला. कोणती वायर कोणती, टेस्टर कुठे कुठे पेटला, रोग काय आणि उपाय काय, सगळं त्यांनी नव्या पोराला शिकवावं तसं तिला समजावलं. ऐकता ऐकता कृतिकाने दुसरा बूटही काढला.

"बाबा, इथे काळी न्यूट्रल नसते," मग ती हळूच म्हणाली. "इथे काळी फेज. न्यूट्रल पांढरी."

"अन् पांढरीही पेटते, ती काहून?"

"कारण हीटरला न्यूट्रल लागतच नाही. हा दोन फेजमध्ये चालतो. ज्याने लावला त्याने पांढरीला काळी टेप गुंडाळायला हवी होती, कळावं म्हणून. आळस केला त्याने."

जनार्दनरावांनी पुन्हा वायरींकडे पाहिलं. दोन फेज. त्यांना काही नवं नव्हतं ते. वेल्डिंगवाल्यांची मशीनं चालतात की आपल्याकडे दोन फेजवर. पण बायकोच्या पलंगाशेजारी कोणी दोन फेज आणून ठेवेल, हे काही त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. न्यूट्रल उडालाच नव्हता. सगळं जागच्या जागी होतं, चुकले होते ते स्वतः.

मग त्यांचं डोकं पुढे चाललं, आणि ते चालायला नको होतं असं त्यांना वाटलं. आपण प्लगमधली काळी ओढून इथे जोडली असती. न्यूट्रल समजून. ती तर फेज. कदाचित हीटर तापलाही असता. आपण मिशीवर ताव दिला असता. आणि शनिवारी ही पोरगी, बाबांनी काय केलंय बघू म्हणून, हीटरचा ब्रेकर, म्हणजे पेटीतला खटका, पाडून झाकण उघडती. लाइन मेली समजून हात घालती. आणि प्लगकडून, दुसऱ्या बाजूने, जिवंत करंट येऊन बसलेला असता.

त्यांच्या हातातून टेस्टर खाली पडला.

"बाबा?"

"बापू असाच गेला," जनार्दनराव म्हणाले.

बापू त्यांचा जोडीदार. एकत्र नोकरीला लागले, एका सायकलवर डबलसीट फिरले. कृतिकाला तो फोटोतून माहीत होता. तो लाइनवर गेला हेही माहीत होतं. कसा गेला ते घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

"लाइन बंद होती. मी स्वतः फोनवर विचारून घेतलं होतं. बापू वर, मी खाली दोर धरून. पलीकडे मंगल कार्यालयात लग्न होतं. पाहुणे उकडतात म्हणून कोण्या भल्या माणसानं जनरेटर चालू केला. उलटा करंट आला लाइनवर." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, पोरी. सगळे चांगलंच करत होते. मी पण आज चांगलंच करत होतो."

जिना उतरत असलेल्या प्रमिलाबाई मधेच थांबल्या.

"तुला वाटते, बापाला लाज वाटते माझी. तुझ्या आईलाही तसंच वाटते. मी पण मनाला तेच सांगत होतो, सोपं पडते ते. पण लाज नाही वं. भीती वाटते मला. सकाळी तू बूट घालतेस अन् मी खिडकीशी जाऊन बसतो. तुझी गाडी वळेपर्यंत तिथून उठवत नाही. मला लाइन समजते म्हणून मी वाचलो असं आयुष्यभर वाटत होतं. आज समजलं, नुसतं नशिबानं वाचलो. माझा हात चुकला तर तुझा चुकणार नाही काय? तू नको जाऊ उद्यापासून."

उगाच धीर देणारी कृतिका नव्हतीच. उठून तिने वरून आपली कामाची पिशवी आणली. "चला," म्हणाली, आणि खोलीबाहेर, वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात जिथे ब्रेकरची पेटी होती, तिथे वडिलांना घेऊन गेली.

तिने हीटरचा दोन फेजचा जोडब्रेकर पाडला. मग पिशवीतून एक चाप काढून त्या ब्रेकरच्या दांडीवर आवळला, म्हणजे दांडी वर जाऊच नये. चापात पुष्कळ भोकांची एक कडी अडकवली आणि कडीला एक लाल कुलूप लावलं. कुलपावर तिचा फोटो होता आणि खाली तिचं नाव.

"साइटवर हे रोज असतं," ती म्हणाली. "लाइनवर जाण्याआधी माझं कुलूप मी लावते. चावी माझ्या खिशात. फोनवर विचारणं नाही, कोणाच्या भरवशावर राहणं नाही. माझं कुलूप फोरमनसुद्धा काढत नाही. मी बाहेर आले, माझे दोन्ही हात बाहेर आले, की मग मीच काढते."

"अन् दुसऱ्या बाजूनं आला तर? माझ्यासारखा कोणी शहाणा असला तर?"

"म्हणून कुलपावरही विश्वास ठेवायचा नाही. चला, दाखवते."

खोलीत येऊन तिने करंट तपासायचा मीटर आधी चालू प्लगमध्ये घालून पाहिला, तो खरं बोलतोय ना म्हणून. मग हीटरच्या वायरींवर, एकमेकींत आणि अर्थिंगशी. काही नव्हतं. मग परत प्लगवर. जनार्दनराव टक लावून बघत होते. ही पोरगी आपल्यापेक्षा भित्री आहे हे बघून त्यांना इतकं बरं वाटलं की बोलता सोय नाही.

"आणखी एक," कृतिका म्हणाली. पिशवीतून तिने दुसरं कुलूप काढून त्यांच्या हातावर ठेवलं. हे बिनफोटोचं होतं. "कामावर जितकी माणसं, तितकी कुलपं. आज तुम्ही माझ्याबरोबर आहात ना?"

जनार्दनरावांनी पेटीपाशी जाऊन ते कडीत अडकवलं, दाबून बंद केलं, ओढून पाहिलं. चावी मुठीत धरली. शनिवारचं काम असं गुरुवारीच सुरू झालं.

हीटर जुन्या जागी बसवायचाच नव्हता, हे त्यांना तेव्हा कळलं. वर प्लग असला की कोणीतरी वायर लोंबती सोडणार आणि ती तापल्या पत्र्यावर पडून वितळणार, म्हणून प्लगखाली हीटर लावायचा नाही असा नियमच होता. कृतिकाने केबल पुढे खिडकीखाली न्यायची ठरवली होती. पलंगही तिने आधीच पूर्वेच्या भिंतीशी लावला होता.

"तुम्ही यायच्या आधीच आईला विचारलं होतं, डोकं कुठे करून झोपता," ती केबल सोलताना म्हणाली. "दक्षिणेला पाय चालत नाहीत ना तुम्हाला. मग पलंग इकडे, हीटर तिकडे. गोधडी तिथवर पोचणार नाही. पडदा तेवढा आखूड करायचाय."

"त्याच्यावर कुरडया वाळतील काय गं?" प्रमिलाबाईंनी विचारलं. बिचारीने कधीपासून मनात ठेवलं असणार.

"काहीच ठेवायचं नाही त्याच्यावर, आई. कपडेही नाही. समोरही मोकळं ठेवायचं. आणि पहिल्यांदा लावला की जळका वास येईल, घाबरू नकोस, नव्या पत्र्याचा असतो."

जनार्दनराव तिच्यामागे स्टूलवर बसले होते. कृतिका गुडघ्यांवर वाकली होती. तिने पांढऱ्या वायरीला आधी काळी टेप गुंडाळली, मग दोन्ही हात हीटरच्या जोडणीच्या डब्यात घालून वायरी पिळायला घेतल्या. हेच बघायला लागू नये म्हणून त्यांनी एवढा उपद्व्याप केला होता. आता बघत होते तर तिचा हात चांगला होता. सोललेलं तांबं कुठे ओरखडलं नव्हतं. पीळ बापूसारखा, घट्ट आणि एकसारखा. हे त्यांना कबूल करावं लागलं.

तेवढ्यात बाहेर जिन्यावर पावलं वाजली. मीटिंग एकदाची संपली होती आणि भला माणूस धुतलेले कपडे काढायला खाली आला होता. वॉशिंग मशीनचं झाकण वाजलं, मग पेटीचं दार करकरलं.

"अगं, इथला एक ब्रेकर पडलाय वाटतं," पुष्करचा आवाज आला. "थांबा, मी चालू करतो."

जनार्दनराव स्टूलवरून अर्धे उठले. तोच तो भला आवाज, तेच ते मदतीला धावणं. आणि समोर लेकीचे दोन्ही हात वायरींत होते.

कृतिकाने मान वळवली नाही. तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत. ती आपली पीळ देत राहिली.

तेव्हा त्यांना आपली मूठ जाणवली. चावीचे दात तळहातात रुतले होते. ही मूठ उघडल्याशिवाय त्या तारेत कोणी करंट सोडू शकत नव्हतं. पुष्कर नाही, फोरमन नाही, जगातला कोणताही भला माणूस नाही.

जनार्दनराव परत स्टूलवर बसले.

"करून बघा, जावईबुवा," ते म्हणाले.

बाहेर खुडबूड झाली. मग पुष्कर म्हणाला, "इथे कुलपं आहेत. दोन."

"हो," जनार्दनराव म्हणाले. "एक माझं आहे."